कब्जेदार सदरी काळू जानू

चिठ्ठी पुढं सरकवणाऱ्या बाईकडं मी पाहिलंसुद्धा नाही. पेणमध्ये तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाच वर्षं बसलेला माणूस गिऱ्हाइकाचं तोंड बघत नाही, गटनंबर बघतो. तालुका रोहा, गाव निडीच्या अलीकडचं, म्हणजे आमचंच निघालं, तेव्हा जरा बरं वाटलं, परमुलखात ओळखीचं कुत्रं दिसावं तेवढंच. नंबर टाकला, सातबारा उघडला, प्रिंट दिली. कागद गरम बाहेर आला आणि तो सरळ करताना कब्जेदाराच्या रकान्यावर माझा अंगठा पडला. अंगठा उचलला तर खाली माझा बाप. काळू जानू कातकरी. एकटाच. वर कुणी नाही, खाली कुणी नाही, इतर हक्कातही कुणी नाही. दोन एकर पाच गुंठे, भातशेती. माझ्या कानात दडे बसले, डोक्यावरचा पंखा फिरताना दिसत होता पण ऐकू येत नव्हता. बाई म्हणाली, दोन प्रती द्या, आणि मी दोन दिल्या. यंत्राला मात्र तीन सांगितल्या होत्या. का सांगितल्या ते आजही सांगता येणार नाही. हाताला संशय आधी आला, डोक्याला मागाहून. ती पायरी उतरून जाताना पाठीवरून, पर्स काखेत दाबायच्या लकबीवरून ओळखली. अनिता. रितेशची बायको. रितेश म्हणजे हैबतरावांचा नातू, आणि हैबतराव म्हणजे ज्यांच्या घरी माझा बाप मरेपर्यंत गडी होता. रोह्यात स्टेशनपासून बाजारापर्यंत दहा दुकानं सातबारा काढून देतात. ती दहा सोडून ही बाई तोंडाला ओढणी बांधून पेणला कशाला आली?

मालक आदेश जेवायला गेला आणि मी शटर अर्ध्यावर ओढून तिसरी प्रत पुढ्यात घेऊन बसलो. पहिल्यांदा वाटलं, दुसरा कोणी असेल. काळू नावाचे कातकरी आमच्या वाडीतच चार निघतील, आणि सरकारनं आमची आडनावं कधी धड लिहिलीत? माझ्या आधारकार्डावर वाघमारे आहे, बापाच्या रेशनकार्डावर काळू जानू एवढंच होतं, आणि इथं जातीचंच आडनाव करून ठेवलेलं. पण जानूचा काळू एकच होता, आणि गट ज्या शेताचा होता त्याला आम्ही जांभळीचं खाचर म्हणायचो, त्याच्या उगवतीच्या बांधावर माझं बाळपण गेलं. लाज कशाची वाटली सांगतो. पाच वर्षं मी दिवसाला पन्नास-साठ सातबारे छापतो. लोकांचे आजे-पणजे, चुलते, सावत्र आया, सगळ्यांची नावं माझ्या बोटांखालून गेली. त्यांच्यातल्या भांडणांचा वास मला कागदावरून येतो. पण आपल्या बापाचं नाव कुठं असेल का, ते एकदा टाकून बघावं, असं मला एकदाही वाटलं नाही. जसं आपण ढगात कुणाचं घर शोधत नाही, तसं. जमीन आपली नसतेच, हे एवढं आतपर्यंत गेलेलं असतं. शिकलो, कॉम्प्युटर शिकलो, अर्ज लिहितो, साहेबांना दुरुस्ती सांगतो, आणि पोटात तोच, मालकांच्या ओटीच्या खाली उभा राहणारा.

जुने फेरफार आता संगणकावर दिसतात. मी एकेक काढत मागं गेलो. हे वाचायची पद्धत आहे. वरून खाली वाचलं तर जमीन समजते, खालून वर वाचलं तर माणसं. सगळ्यात खाली खोत होते, पुण्याला राहणारे, ज्यांनी हे खाचर बहुधा कधी पाहिलंही नसेल. त्यांच्याकडून हैबतरावांच्या बापानं कुळानं घेतलेलं. मग कायदा आला, कसेल त्याची जमीन, आणि चौकशीला आलेल्या साहेबापुढं हैबतरावांच्या बापानं जबाब दिला की मीच कसतो. तो जबाब बाईंडिंगमधून सुटलेल्या कागदावर आहे, विटलेल्या शाईत. मीच कसतो. नांगर तेव्हा माझा आजा जानू धरायचा. खोताची जमीन त्या दोन शब्दांवर हैबतरावांच्या घरात आली. मग पंचाहत्तर-शहात्तर साली दुसरा कायदा आला, एका घरानं किती जमीन ठेवायची त्याला मर्यादा पडली, आणि जास्तीची सरकारजमा व्हायच्या आत ती वाटली गेली. थोडी मेव्हण्याच्या नावावर, थोडी तान्ह्या पोराच्या, आणि जांभळीचं खाचर गड्याच्या. खरेदी दिली असे सबब काळू जानू कातकरी याचे नाव दाखल केले. खाली निशाणी डावा अंगठा. माझ्या बापाचा अंगठा मी पडद्यावर मोठा करून बघितला. रेघा दिसत नव्हत्या. कशा दिसतील, दगडमातीनं झिजलेला अंगठा तो, पुढं रेशनच्या यंत्रालाही कळायचा नाही. सगळा मुलूख एका वाक्यावर फिरत राहिलाय असं मला तेव्हा दिसलं. मीच कसतो. जो बोलतो त्याची जमीन. जो कसतो तो बांधाच्या पलीकडं उभा राहून ऐकतो.

आणि मग ते आठवलं. खरं म्हणजे विसरलो कधीच नव्हतो, फक्त त्याचं तोंड भिंतीकडं करून ठेवलं होतं. दोन-तीन वर्षांतनं एकदा गावातला कोणीतरी हैबतरावांवर खार खाऊन अर्ज करायचा की यांनी जमीन चोरून ठेवली आहे. मग चौकशी लागायची. मग हैबतराव बापाला ओटीखाली उभा करायचे आणि शिकवायचे. बोल काळू, जमीन माझी आहे आणि मीच कसतो. बाप म्हणायचा, जमीन आमची हाय. हैबतराव म्हणायचे, आमची नाय रे, माझी म्हण. माझी म्हणताना त्याची जीभ अडायची. आमच्यात माझं असं कोण म्हणतो? पाण्यातला मासा जाळ्यात येईपर्यंत कोणाचा नसतो आणि आल्यावर वाडीचा असतो. पण तो शिकला. नांगरामागं चालताना, राब भाजताना, भातरोपांचं आवण काढताना तो ते वाक्य पुटपुटायचा, जमीन माझी हाय, मीच कसतो, आणि बाया फिदीफिदी हसायच्या. मग एका सकाळी धुतलेला सदरा घालून हैबतरावांच्या मागून तो रोह्याला जायचा. परत आला की वाडीत दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहायची. जमीनदार आलं, वाट द्या. जमीनदार, आमचा पण काय विचार करा. तोही हसायचा, आणि हसून झालं की गप्प व्हायचा. कारण त्याच्या मनानं तो साहेबापुढं खोटं बोलून आलेला असायचा. पोटातलं खोटं शेताला बाधतं, भाताला फोल धरतं, असं आमच्यात मानतात. म्हणून दर वेळी तो वाघदेवाला एक कोंबडी द्यायचा. माझ्या आठवणीत चार गेल्या. माझ्या आधीच्या किती, देव जाणे. आता हिशेब लावा. जमीन कागदावर त्याची. कसत होता तोच. म्हणजे त्या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. जन्मात साहेबापुढं जेवढ्यांदा तोंड उघडलं तेवढ्यांदा माझा बाप खरं बोलला, आणि प्रत्येक खऱ्यापायी त्यानं प्रायश्चित्ताची कोंबडी कापली. हैबतरावांनी जमीन खाल्ली, भात खाल्लं, त्याबद्दल मी पुढंमागं शांत होईन. पण त्याला त्याचं खरं खोटं म्हणून विकलं, हे कसं सोडू?

आदेश जेवून आला, सुपारी कातरत म्हणाला, काय रे, शटर का ओढलंस? मी म्हटलं, ऊन येतं. तो माझ्याकडं दोन क्षण जास्त बघत राहिला. की मला तसं वाटलं? त्या दिवसापासून मला सगळंच तसं वाटायला लागलं. आदेशचा साडू रोह्याला जमिनीच्या व्यवहारात आहे, हे मला ठाऊक होतं. आता ते मला चावायला लागलं. रितेशनं यंदा पावसाच्या तोंडाशी आईच्या झोपडीवर स्वतःहून नवे पत्रे घालून दिले होते. तेव्हा मी त्याला फोन करून आभार मानले होते, माझ्या या तोंडानं. माझी बहीण रोशनी, तिला त्याच्या फार्महाउसवर स्वयंपाकाचं काम लागलं, ते गेल्या वर्षीच्या दिवाळीत. गणपतीत निडी स्टेशनवर भेटला तर माझ्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांदेखत दिनेशभाऊ म्हणाला. मी खुळ्यासारखा घरी जाऊन बायकोला सांगितलं, माणूस बदलला बघ. कागदाच्या धंद्यात आम्ही तारीख आधी बघतो, मजकूर नंतर. मी त्या चांगुलपणाच्या तारखा लावत बसलो. निडीजवळ गोदामं येणार ही बातमी गेल्या वर्षीच्या नवरात्रातली. रोशनीचं काम दिवाळीतलं. मग पत्रे. मग भाऊ. एवढं सरळ होतं, आणि मला वाटत होतं की लोक आम्हाला माणूस म्हणायला लागले. आता जो कोणी दुकानात येऊन बरं बोलायचा त्याच्या मागं मी दुसरा माणूस शोधायचो. चहावाल्यानं एकदा कप भरून चहा दिला तर मी विचारलं, कोणी सांगितलं तुला? तो म्हणाला, येडा झालास काय.

रविवारी सकाळच्या गाडीनं निडीला उतरलो. स्टेशनवरून वाडीकडं जाताना वाट खाचराच्या कडेनंच जाते. भात कापून झालं होतं, वालाचे वेल पानांनी भरत होते, आणि चारी कोपऱ्यांत सिमेंटचे खांब नवे रोवलेले. तार अजून ओढलेली नव्हती. मी बांधावर उभा राहिलो आणि मालकासारखं वाटतं का ते तपासून पाहिलं. काही वाटलं नाही. उलट कोणीतरी हटकेल म्हणून पाय आपोआप बांधाच्या कडेकडेनं पडत होते. स्वतःच्या शेतात चोरासारखा चालणारा माणूस मी त्या सकाळी पाहिला, तो मीच होतो. आई, पारी तिचं नाव, वाडीच्या तोंडाशी चुलीचा फाटा फोडत बसली होती. मी तिच्या पाया पडलो नाही, तोंडाकडंही बघितलं नाही. तिचा डावा हात उचलून अंगठा बघितला. निळा होता.

"हे कसलं गो?"

"रेशनचं," ती म्हणाली.

रेशनला शाई बंद होऊन किती वर्षं झाली. आता यंत्र असतं, अंगठा ठेवला की हिरवा दिवा लागतो. आई माझ्याशी खोटं बोलत होती, आणि खोटं बोलताना तिनं कोयता खाली ठेवला नाही, उलट पुढचा फाटा उचलला. मला वाटलं, ही विकली गेली. ही बाई, जिनं मला आश्रमशाळेत पोचवून परतताना एकदाही मागं वळून पाहिलं नाही, का तर मी पळून येईन म्हणून, ही पण. मी वर पत्र्यांकडं बघितलं. त्या नव्या कोऱ्या पत्र्यांचा मला एवढा राग आला की उन्हात चकाकणारा एकेक उचकटून फेकावा. मग हळूहळू तिनं सांगितलं. रितेश आला होता, बायकोला घेऊन. तिला पारीमावशी म्हणाला. जन्मल्यापासून नुसतं पारी म्हणत आला तो. पत्र्यांची नोंद करायची म्हणून एका कागदावर अंगठा घेतला, आणि म्हणाला, बुधवारी रोह्याला कचेरीत येऊन साहेबापुढं एवढंच सांगायचं की आज्यानं काळूकाकांचं नाव नुसतं ठेवलेलं, चुकून राहिलं. म्हणजे कागद साफ होईल. आणि दिनेशला नको सांगू, त्याच्या कामात खोळंबा नको.

मी तिला सगळं सांगितलं. फेरफार, खोत, मर्यादेचा कायदा, आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय जात नाही, म्हणून त्यांना ती विकत घेता येत नाही, म्हणून आता हस्तदोष दाखवायचाय, कारकुनाचा हात चुकला असं. बाप खोटं बोलला नव्हता, हे तर मी तीनदा सांगितलं. प्रिंट पुढ्यात धरली. ती कागदाकडं बघत राहिली, पावसाचं पाणी कुठून शिरतं ते बघावं तशी.

"तो मरताना काय बोलला, ठावं हाय?" ती म्हणाली. "बोलला, सायबाकडं जाऊन सांग, मी लबाड बोललो. त्याचं मन तेवढ्यातच अडकलं होतं. मी सांगंन म्हनलं. चार वर्षं झाली, सांगितलं नाय. आता हे सोताहून बोलवतात तर जाते नि सांगून येते. सुटंल तो."

"अगो, पण तो लबाड नव्हता."

"तुला कागद सांगतो. मला त्यानं सांगितलं."

तिचा माझ्यावर विश्वास नव्हता. का असावा? मी शहरात राहतो, मी त्या कागदांचंच खातो, आणि जो जो माणूस कागद घेऊन वाडीत आला त्यानं काहीतरी नेलं. जंगलाचा शिपाई कागद घेऊन आला, धरणाचा सर्व्हेवाला कागद घेऊन आला, रितेश कागद घेऊन आला, आणि आता मी. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी तिच्यावर चिडत राहिलो. आणि त्या चिडण्याखाली एक बारीक, घाण विचार सारखा डोकं वर काढत होता, की म्हातारी खरोखर भाबडी आहे, की रितेशनं हिला काही कबूल केलंय आणि ही मला सांगत नाही. स्वतःच्या आईबद्दल. नागोठणं येईपर्यंत मी तो विचार तीनदा खाली दाबला, आणि नागोठण्यानंतर दाबायचा सोडून दिला.

बुधवारी मी खाडा करून रोह्याला गेलो. आदेशला पोटदुखी सांगितली. कचेरीच्या व्हरांड्यात आई आधीच येऊन बसलेली, रितेशच्या गाडीतून आलेली, पायात रोशनीच्या चपला. रितेश मला बघून हसला. हसणं चेहऱ्यावर यायला त्याला जरा उशीर लागला, तेवढा मी टिपला. म्हणाला, अरे वा, तू पण आलास, बरं झालं, साक्षीदार म्हणून तुझी पण सही होईल. अनिता माझ्याकडं बघत होती आणि मी कुठं पाहिलेला, ते तिला आठवत नव्हतं. झेरॉक्सवाल्याचं तोंड कोण बघतं? मंडळ अधिकारी वयानं लहान होता, चष्मेवाला, कंटाळलेला, पण त्यानं आईला खुर्ची दिली. आई खुर्चीच्या टोकावर बसली, उठायच्या तयारीत. जबाब टाइप करून आणलेलाच होता. मला त्याचा टाइप ओळखीचा वाटला, आमच्यासारख्याच कोणत्या तरी दुकानातला. साहेब म्हणाले, आजी, मी वाचतो, बरोबर असेल तर अंगठा द्या. आणि वाचायला लागले. मी पारी काळू, वय सत्तर, जबाब देते की. मी भिंतीवरच्या नकाशाकडं बघत होतो. रंगीत तुकडे होते, हिरवे, पिवळे, एकमेकांना चिकटलेले. मला वाटलं, संपलं. ती हो म्हणेल, आणि तिच्या मनानं बापाला मोकळा करेल, आणि आम्ही कायमचे त्या नकाशाच्या बाहेर. बोलावं तर तीच म्हणेल, तू गप. साहेब वाचत होते, सदर गटास माझे मयत पतीचे नाव हस्तदोषाने दाखल झाले असून, सदर जमीन त्यांनी कधीही कसलेली नाही.

"थांबा," आई म्हणाली. "मागचं परत सांगा."

साहेबांनी परत वाचलं.

"कसली नाय असं लिवलंय?"

"हो. कधीही कसली नाही."

"मंग ते चुकीचं हाय."

रितेश पुढं झाला. मावशी, अगो, बोललो ना तुला, ते नुसतं लिहायचं असतं, कायद्याची भाषा असते ती. आईनं त्याच्याकडं बघितलं नाही. साहेबांकडंच बघत होती.

"सायब, जमीन त्याची नव्हती, ते मी सांगते. पायजे तर आंगठा घ्या. मला नको यांची जमीन. पण कसली नाय कसं? चाळीस पावसाळं त्या खाचरात तो नांगराच्या मागं चालला. त्याच्या आदी त्याचा बापूस चालला. या रितेशचा आजा बांधावर छत्री घेऊन उबा ऱ्हायचा, चिखलात पाय नाय घातला कदी. यांनी माझ्या घोवाला लबाड बोलाया लावलं, त्यापायी आमच्या कोंबड्या गेल्या. आता मला बोलाया लावतात. माझ्याकडं तर आता कोंबडी पन नाय."

कारकून खाली मान घालून हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, कागद उलटा केला आणि विचारलं, म्हणजे जमीन तेच कसत होते? आई म्हणाली, मग कोण कसणार? साहेब म्हणाले, मग हा जबाब मला घेता येणार नाही, बाई म्हणते तसा लिहून घेतो. आणि कारकुनाला सांगायला लागले. आईला कळलंच नाही की तिनं काय केलं. जमीन नको म्हणता म्हणता तिनं ती तिथंच धरून ठेवली, ज्या एका शब्दावर हा सगळा मुलूख फिरतो त्या शब्दावर. आणि तेही हक्क म्हणून नाही. बापाच्या कष्टाला कोणी नाही म्हणू नये, एवढ्याचसाठी. बाहेर आल्यावर रितेशनं मला जिन्याखाली गाठलं. त्याच्या तोंडावरचं भाऊ, मावशी सगळं उतरलं होतं.

"कातकऱ्यांना अक्कल नाय म्हणतात," तो म्हणाला. "म्हातारीला बरं पढवलंस तू."

मी पढवलं नव्हतं. हे त्याला सांगून पटलं नसतं, कारण त्याच्या घरात माणसं साहेबापुढं नेताना पढवूनच नेतात, त्याला दुसरी रीत ठाऊकच नाही. पण मी तरी काय वेगळा होतो? मी तिला विकली गेलेली समजत होतो. वाडीच्या वाटेला लागेपर्यंत आई एकदाच बोलली. म्हणाली, त्याचं काम राहिलंच बघ. म्हणजे लबाडीचं सांगायचं राहिलं. मी म्हटलं, राहू दे. पत्रे रितेशनं काढून नेले तर, असं तिनं विचारलं नाही. मीच मनातल्या मनात ठरवलं की नेईल.

शुक्रवारी दुपारी आदेश बाहेर गेल्यावर मी वारस नोंदीचा अर्ज उघडला. मयत खातेदार, काळू जानू. मृत्यूची तारीख. मग वारसांचा तक्ता. एक, पारी, पत्नी. दोन, दिनेश, मुलगा. तिसऱ्या ओळीवर माझी बोटं थांबली. हा तक्ता मी किती जणांसाठी भरलाय. तिसऱ्या ओळीशी आले की दुकानातले सगळे भाऊ एकसारखे बोलतात. आवाज जरा खाली आणतात. म्हणतात, बहीण दिल्या घरी सुखी आहे हो, तिचं लग्न आम्हीच केलं, नाव कशाला वाढवायचं, पुढं सह्यांना त्रास. आणि मी शपथपत्रात लिहितो, याखेरीज अन्य वारस नाहीत, आणि घरी जाऊन बायकोला सांगतो, काय नीच माणसं असतात. आता माझ्या डोक्यात तेच सगळं सरळ रांगेत येऊन उभं राहिलं, अगदी शहाण्यासारखं. रोशनी रितेशच्या फार्महाउसवर कामाला आहे. तिचा नवरा वीटभट्टीवरचा, दोन पेल्यांत कुठंही सही करेल. तिचं नाव लागलं की रितेशला दार मिळालं. म्हणजे नाव न लावण्यात तिचंच भलं आहे, जमिनीचं भलं आहे, बापाचं भलं आहे. नंतर बघू, बक्षीसपत्र करून देऊ. हे सगळं मी विचारतोय की कोणी माझ्यात बसून विचारतंय? दोन एकर पाच गुंठे अजून हातात आली नव्हती, नुसतं नाव दिसलं होतं, तेवढ्यात मला ओटीवर बसायला यायला लागलं.

फोन वाजला. रोशनीच होती. म्हणाली, आईकडनं सगळं कळलं, नावं लावायला आधार कधी आणून देऊ, मोबाइल लिंक केलेलं लागतं ना?

"साइट बंद हाय," मी म्हणालो. माझा आवाज खाली आला होता.

"कवा चालू व्हईल?"

"नाय सांगता येत. तू उगा खेप मारू नको. काय लागलं तर मी कळवतो."

तिच्या मागं गाड्यांचे आवाज येत होते, रिक्षावाल्याची हाळी येत होती, अलिबाग, अलिबाग. तीच हाळी मला माझ्या दुसऱ्या कानानं ऐकू येत होती.

"दादा, मी भायेरच उबी हाय," ती म्हणाली. "काचंतून दिसतोस तू."

मी मान वर केली. ती पायरीखाली उभी होती, कामावरची साडी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड. सकाळच्या गाडीनं येऊन समोर कचेरीच्या आवारात थांबली असावी. म्हणजे तीही माझ्यावर नजर ठेवून आली होती. फोन न ठेवताच ती आत आली, खुर्ची दाखवली तर बसली नाही, काउंटरच्या कडेनं वळून माझ्या पाठीमागं, पडदा दिसेल अशी उभी राहिली. कार्ड कीबोर्डच्या शेजारी ठेवलं आणि त्याच्यावरचं बोट उचललं नाही.

"टाइप कर," ती म्हणाली. "सातवीपर्यंत शिकलेय मी. वाचता येतं."